सोय आपली, भुर्दंड दुसऱ्याला : डेव्हलपरांनी सुरक्षेला आधी मान का द्यावा

रानवाट (धागाकर्ती)

"सध्या चालू तर करू, सिक्युरिटीचं नंतर बघू." कोड रिव्ह्यूत (एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासताना) हे वाक्य सतत वाचायला मिळतं, म्हणून हा धागा. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. डेव्हलपर जी सोय घेतो तिचा फायदा त्याला मिळतो आणि तिचा भुर्दंड अशा माणसाला बसतो, ज्याला कोणी काही विचारलेलंच नसतं. त्यामुळे मला हा आवडीनिवडीचा किंवा स्टाईलचा प्रश्न वाटत नाही.

पहिलं उदाहरण रूबी ऑन रेल्सचं, म्हणजे वेबसाईट बनवायच्या तयार सांगाड्याचं. वेबसाईटवरच्या फॉर्ममधून आलेली सगळी फील्ड्स एका ओळीत डेटाबेसच्या मॉडेलमध्ये (नोंदीच्या साच्यात) भरून टाकायची सोय रेल्समध्ये होती. नाव, ईमेल, पत्ता, सगळं एका झटक्यात. पण फॉर्मवर नसलेलं एखादं फील्ड, म्हणजे समजा 'ॲडमिन आहे का : हो', कोणी हाताने घुसडून पाठवलं, तर तेही तितक्याच निमूटपणे भरलं जायचं. हे थांबवता येत होतं, पण त्यासाठी प्रत्येक मॉडेलमध्ये परवानगी असलेल्या फील्ड्सची यादी डेव्हलपरने आठवणीने लिहायला हवी. इगोर होमाकोव्ह या रशियन तरुणाने रेल्सच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) मुद्दा मांडला की मूळ सेटिंगच सुरक्षित ठेवा. ती ज्याच्या त्याच्या ॲप्लिकेशनची जबाबदारी आहे असं म्हणून तो मुद्दा बंद केला गेला. मग मार्च २०१२ मध्ये त्याने हेच भोक खुद्द गिटहबवर (डेव्हलपर आपला कोड जिथे ठेवतात त्या साईटवर) वापरून दाखवलं, कारण गिटहबही रेल्सवरच चालत होतं. पब्लिक की (माणूस ओळखायची डिजिटल चावी) जमा करायच्या फॉर्ममध्ये एक जादा फील्ड टाकून त्याने आपली की रेल्सच्या टीमच्या नावावर चढवली आणि रेल्सच्याच मुख्य शाखेत एक कमिट, म्हणजे कोडमधला बदल, ढकलून दिलं. गिटहबने आधी त्याचं खातं गोठवलं, मग परत दिलं. जून २०१३ मध्ये आलेल्या रेल्स ४ पासून कोणती फील्ड्स चालतील हे स्पष्ट लिहिल्याशिवाय ती भरलीच जात नाहीत. पूर्वी एका ओळीत व्हायचं त्याला आता दोन-तीन ओळी लागतात.

इतक्या मुरलेल्या माणसांच्या गिटहबलाही ती यादी लिहायचं राहून गेलं होतं. "डेव्हलपरने लक्ष ठेवावं" या धोरणाचं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

दुसरं उदाहरण लॉगफोरजे. २०१३ मध्ये या जावा भाषेतल्या लायब्ररीत (इतरांनी वापरायच्या तयार कोडमध्ये) एक सोय आली. लॉगमध्ये लिहायच्या मजकुरात ठरावीक खुणांच्या कंसात काही असेल, तर लायब्ररी ते जसंच्या तसं न लिहिता त्याचा अर्थ लावायची आणि गरज पडल्यास बाहेरच्या सर्व्हरकडे जाऊन माहिती आणायची. लॉग म्हणजे काय? बाहेरच्या माणसाने टाईप केलेलं बरंच काही जिथे जाऊन पडतं ती जागा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अलिबाबा क्लाउडच्या टीमने हे भोक लायब्ररी सांभाळणाऱ्या अपाचीला कळवलं आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जगभर आग लागली. तीव्रता १० पैकी १०. माईनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवर चॅटमध्ये एक ओळ लिहिली की तो सर्व्हर ताब्यात. ज्या असंख्य टीमनी तो महिना जागून काढला, त्यांतल्या बहुतेकांनी ही सोय कधी वापरलेली नव्हती. ती आपल्याकडे आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि भुर्दंडाबद्दल म्हणाल तर एक्विफॅक्स. आपल्याकडे सिबिल ठेवते तशी कर्जाची कुंडली ठेवणारी ही अमेरिकन कंपनी. अपाची स्ट्रट्स या वेबसाईट बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकाची दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला उपलब्ध होती. ती त्यांच्या एका पोर्टलवर लागलीच नाही. मे महिन्यात चोर शिरले, जुलैअखेर लक्षात आलं. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी नंबर (तिकडचे सरकारी ओळख क्रमांक) गेले. या लोकांनी एक्विफॅक्सची निवड केलेली नव्हती, बँकांनी त्यांची माहिती परस्पर तिथे पोचवलेली. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख कुठून बदलणार?

तुमचे अनुभव आणि विरोधी मतं, दोन्ही वाचायला आवडतील.

---

कवडसा

धागा चांगला आहे, पण सोय एका पारड्यात आणि सुरक्षा दुसऱ्या पारड्यात ही मांडणीच मला पटत नाही. गैरसोयीची सुरक्षा माणसं पाळत नाहीत, तिला वळसा घालतात. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावणारी ऑफिसं आठवा. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवायचे आणि मॉनिटरला पिवळी चिठ्ठी चिकटवायचे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनेच २०१७ च्या मार्गदर्शनात सांगितलं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, चोरीला गेल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा.

दुसरं, एचटीटीपीएस घ्या, म्हणजे साईट आणि ब्राउझर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद करणं. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलरने फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन काढलं. कॅफेतल्या उघड्या वायफायवर बसून शेजारच्या माणसाचं फेसबुक एका क्लिकवर आपल्या ब्राउझरमध्ये उघडता यायचं, कारण तेव्हा मोठ्या साईट्ससुद्धा लॉगिनपुरतंच एन्क्रिप्शन वापरून पुढचं सगळं उघडं पाठवायच्या. सगळ्यांना धोका कळला, तरी लहान साईट्स वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. त्यासाठी लागणारं, साईट खरी असल्याचं सर्टिफिकेट विकत घ्या, हाताने बसवा, वर्षाने परत तेच. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट सर्वांसाठी खुलं झालं, फुकट आणि आपोआप नूतनीकरण होणारं, आणि मग चित्र पालटलं. जे उपदेशाने झालं नाही ते सोयीने झालं.

---

रानवाट

कवडसा, मुद्दा मान्य आहे. वापरणाऱ्याच्या माथी गैरसोय मारून सुरक्षा होत नाही, याबद्दल आपल्यात मतभेद नाहीत. पण लेट्स एन्क्रिप्टची सोय आकाशातून पडली नाही. सर्टिफिकेट मागणं, तपासणं, नव्वद दिवसांनी बदलणं, हे सगळं यंत्राकडून करवून घ्यायचा त्रास कोणीतरी आधी स्वतः सोसला. रेल्स ४ मध्येही तेच. हजारो जुनी ॲप्स अपग्रेड करताना लोकांनी बोटं मोडली असतील, तरी त्यांनी ते केलं.

म्हणजे गैरसोय नाहीशी होत नाही, ती कोणीतरी उचलतं. ती उचलायची पाळी आपली, म्हणजे बनवणाऱ्याची आहे, एवढंच मी म्हणते आहे.

---

घाटमाथा

मी टेस्टर आहे. एक प्रकार सांगतो, नाव कोणाचंच घेत नाही.

एका लहान वित्तसंस्थेचं ॲप तपासायला आलं होतं. लॉगिनला मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, तो भरायचा. ब्राउझरचं नेटवर्क टॅब उघडून नंबर टाकला. एसएमएस यायला वेळ लागत होता, पण सर्व्हरकडून आलेल्या उत्तरात सहा आकडी ओटीपी ठळक दिसत होता. सर्व्हर तो फोनवर पाठवत होता आणि त्याच दमात ब्राउझरलाही सांगत होता. म्हणजे कोणाचाही नंबर टाका, त्याचा फोन हातात नसताना त्याच्या खात्यात शिरा. ओटीपी जुळतो का ही तपासणीसुद्धा ब्राउझरमध्येच होत होती.

असं का केलं, ते विचारल्यावर कळलं. डेव्हलपमेंटच्या काळात दर वेळी एसएमएसची वाट बघणं जिवावर यायचं, एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेला पैसेही पडायचे. म्हणून ओटीपी उत्तरातच द्यायची सोय केली. काढून टाकायचं ठरलं होतं, पण ज्याने केलं तो दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला आणि पुढच्यांना वाटलं की हे असंच असतं. कोणीही लबाड नव्हतं, कोणीही अडाणी नव्हतं. मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

टेस्टिंगच्या वेळी एसएमएस नको असेल तर सरळ उपाय आहे. टेस्ट सर्व्हरवर ठरावीक नंबरांना ठरावीक ओटीपी ठेवा, आणि तो भाग प्रॉडक्शनच्या बिल्डमध्ये (लोकांना द्यायच्या तयार आवृत्तीत) जाणारच नाही अशी व्यवस्था करा. अर्ध्या दिवसाचं काम.

---

आप्पा_सांगलीकर

मी सॉफ्टवेअरवाला नाही. निवृत्त आहे, पेन्शन मोबाईलवर बघतो. घाटमाथा यांचा प्रतिसाद वाचून झोप उडाली.

बँकेचा मेसेज येतो: ओटीपी कोणाला सांगू नका. पेपरात जाहिरात: अनोळखी लिंक उघडू नका. रिझर्व्ह बँकेपासून मुलापर्यंत सगळे आम्हालाच सावध राहायला सांगतात. आम्ही राहतोही. शेजारच्या माणसालाही मी नंबर सांगत नाही. आणि ॲपच जर तो परस्पर सांगत असेल, तर आम्ही किती आणि कसं सावध राहायचं? पैसे गेल्यावर मात्र पहिला प्रश्न हाच येतो, "काका, तुम्ही कोणाला ओटीपी दिला होता का?"

तुम्ही मुलं हे बोलताय याचं बरं वाटलं. लिहीत राहा.

---

सदाफुली

आप्पांच्या शेवटच्या प्रश्नाला +१००. तक्रार नोंदवताना माणसाला आरोपीसारखं वागवलं जातं, हे घरी पाहिलंय.

---

मध्यरात्र

पुण्यात असा विषय निघाला की कॉसमॉस बँकेचं २०१८ चं प्रकरण आठवतंच. ऑगस्टमध्ये ११ आणि १३ तारखेला मिळून ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. अर्थात तो सोयीपोटी राहिलेल्या चुकीचा किस्सा नाही, ठरवून केलेला हल्ला होता. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली होती. इथे सांगायचं कारण वेगळं आहे. समोर अशा तयारीचे लोक असतात. "आपल्या छोट्या ॲपकडे कोण बघतंय" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, कारण अशा टोळ्यांची स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) सगळा इंटरनेट चाळते, तिला लहानमोठं काही कळत नाही. २०१७ च्या सुरुवातीला पासवर्ड नसलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस असेच शोधून रिकामे केले गेले आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. नंतर ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी मुळातच फक्त त्याच मशीनवरून जोडता येईल असा येऊ लागला.

---

चाकणकर

मी आधी प्रेस शॉपमध्ये प्रॉडक्शन बघायचो, आता मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो. धागाकर्तीच्या मुद्द्याला जोडून एक सांगतो.

भोसरी-चाकण पट्ट्यात पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही, म्हणजे हात डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) सापडायचा नाही. पण दोन्ही बटणं दाबत बसलं की तासाला पीस कमी निघतात. मग एका बटणात पाचर मारायची आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवायचा. बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. एका माणसाने उरलेल्या दोन बोटांत चहाचा कप धरून माझ्याशी बोलताना सांगितलं होतं की पाचर त्याने मारलेली नव्हती, आधीच्या शिफ्टची होती.

आपण कोडमध्ये जेव्हा सर्टिफिकेटची तपासणी बंद करतो, "एरर जात नाहीये ना, फॉल्स (म्हणजे 'तपासू नको') टाक", तेव्हा पाचरच मारतो. फरक एवढाच की आपली बोटं शाबूत राहतात.

आणखी एक. ऑपरेटर हौसेने पाचर मारत नाही. सुपरवायझर पीस मोजत असतो म्हणून मारतो. आपल्याकडेही स्प्रिंट (कामाचे ठरावीक मुदतीचे टप्पे) मोजणारे असतात, त्यामुळे सगळं ओझं पोरांच्या डोक्यावर टाकू नका. चांगल्या मशीन बनवणाऱ्यांनी यावर काय केलं? दोन्ही बटणं जवळजवळ एकाच क्षणी दाबली गेली पाहिजेत आणि प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सुटली पाहिजेत, नाहीतर पुढचा ठोका नाही. पाचर मारली तर मशीन थांबतं. मी लिहितो त्या सॉफ्टवेअरमध्ये माझा तोच प्रयत्न असतो.

---

नवी_पालवी

वाचून अस्वस्थ झाले, म्हणून मोकळेपणाने विचारते. आमची चारजणांची कंपनी आहे, शेतमालाच्या व्यवहाराचं ॲप करतो. शेतकऱ्यांचे बँक तपशील आमच्याकडे आहेत. पैसे सहा-आठ महिने पुरतील एवढेच. गुंतवणूकदार डेमो मागतो, त्याला ओटीपी कुठे तपासला जातो याच्याशी देणंघेणं नाही. सिक्युरिटीचा वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही. अशा वेळी काय आधी करायचं आणि काय मागे ठेवलं तर चालेल? "सगळं महत्त्वाचं" हे उत्तर आमच्या उपयोगाचं नाही.

---

समईची_वात

नवी_पालवी, प्रश्न अगदी योग्य आहे. मी श्टुटगार्टमध्ये आहे, काम डेव्हऑप्सचं, म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालू ठेवायचं. लांब लिहितो आहे, सांभाळून घ्या.

मला विचाराल तर आधी स्वतःचे लॅपटॉप आणि स्वतःच्या चाव्या (खात्यांत शिरायचे गुप्त कोड). कारण हल्ली दरोडा तुमच्या ग्राहकाकडे न जाता थेट डेव्हलपरकडे येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेच्या जगात जे झालं ते नीट बघा. ८ तारखेला चॉक, डीबग अशी आठवड्याला कोट्यवधी वेळा डाउनलोड होणारी पॅकेजेस (इतरांनी वापरायचा तयार कोड) सांभाळणाऱ्या एका डेव्हलपरला मेल आली : तुमचं टू-फॅक्टर (पासवर्डखेरीजची दुसरी तपासणी) जुनं झालंय, अपडेट करा, नाहीतर खातं लॉक होईल. पत्ता ही पॅकेजेस जिथून उतरवतात त्या एनपीएमच्या नावाचाच, फक्त शेवटी डॉट हेल्प. त्याने पासवर्ड आणि सहा आकडी कोड त्या खोट्या पानावर भरला. थोड्याच वेळात दीडेक डझन पॅकेजेसमध्ये क्रिप्टो वॉलेटचे पत्ते बदलणारा कोड गेला. दोनेक तासांत ते उघडकीला आलं म्हणून निभावलं.

इथे थांबून एक गोष्ट बघा. त्याच्याकडे टू-फॅक्टर होतं. पण माणसाने वाचून टाईप करायचा कोड खोट्या पानावरही टाईप करता येतो. हार्डवेअर की (यूएसबीसारखी चावी) किंवा पासकी (फोन-लॅपटॉपमध्ये साठवलेली चावी) असती, तर ती खऱ्या डोमेनशीच, म्हणजे खऱ्या साईटच्या पत्त्याशीच, बांधलेली असते. खोट्या पानाला तिने उत्तरच दिलं नसतं, मग माणूस कितीही थकलेला असो.

त्याच महिन्यात पुढच्या आठवड्यात शाई-हुलूद नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, आला. पॅकेज इन्स्टॉल करताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट, ही एनपीएमची जुनी सोय. वर्म तिच्यातून डेव्हलपरच्या मशीनवर उतरायचा, क्लाउडच्या चाव्या, गिटहबचे टोकन धुंडाळायचा, ते सगळं त्याच डेव्हलपरच्या खात्यावर सार्वजनिक रिपॉझिटरी काढून त्यात टाकायचा, आणि एनपीएमचं टोकन सापडलं की त्या माणसाच्या इतर पॅकेजेसमध्ये स्वतःला घुसवून नवी आवृत्ती प्रसिद्ध करायचा. पाचशेहून जास्त पॅकेजेसना लागण झाली. एनपीएमऐवजी वापरता येणाऱ्या पीएनपीएमने मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत, दहाव्या आवृत्तीत, अवलंबून असलेल्या पॅकेजेसच्या स्क्रिप्ट मुळातच बंद केल्या होत्या. तेव्हा "आमचं बिल्ड मोडलं" म्हणून लोक कुरकुरले होते.

तर तुमच्यासाठी, माझ्या क्रमाने. चौघांच्याही गिटहब, क्लाउड आणि ईमेल खात्यांना पासकी लावा, याला एक दुपार लागेल. इन्स्टॉलच्या वेळच्या स्क्रिप्ट बंद करा आणि ज्या एक-दोन पॅकेजेसना खरंच लागतात त्यांनाच परवानगी द्या. नवी आवृत्ती आली त्याच दिवशी घेऊ नका, काही दिवस थांबा, कारण असली घाण बहुधा काही तासांत किंवा दिवसांत पकडली जाते. आणि तितकंच महत्त्वाचं, म्हणजे शेतकऱ्याचा खाते क्रमांक परत देणारी प्रत्येक एपीआय (ॲपला सर्व्हरकडून माहिती देणारं दार) उघडून एकच प्रश्न विचारा : अमक्याने लॉगिन करून तमक्याचा आयडी टाकला तर काय होतं? लॉगिन आहे का एवढंच तपासून आपण थांबतो, ही नोंद याचीच आहे का हे तपासत नाही. भारतातल्या लहान ॲप्समध्ये मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं भोक हेच.

मागे काय ठेवलं तर चालेल? महागडी स्कॅनिंगची साधनं, प्रमाणपत्रं, चाळीस पानी पॉलिसी. गुंतवणूकदाराने मागितली की करा.

आणि एक उपाय फुकट आहे : जी माहिती लागत नाही ती घेऊच नका. पॅन कार्डाचा फोटो "पुढे लागेल" म्हणून साठवत असाल तर थांबवा.

---

कवडसा

समईची_वात, प्रतिसाद उत्तम. पासकीचं उदाहरण माझ्याही बाजूचं आहे बरं का, ती टाईप करायच्या कोडपेक्षा सोपीच आहे. तरी पीएनपीएमचा मुद्दा वाचून माझं मत थोडं सरकलं. बिल्ड मोडेल हे माहीत असून मूळ सेटिंग बदलायचं, याला हिंमत लागते, आणि ती दाखवणाऱ्यांना आपण तेव्हा शिव्या घालतो.

---

घाटमाथा

गुंतवणूकदाराला सांगायला एक आकडा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं. मला स्वतःला दंडाची भीती दाखवून हे करवून घ्यावं लागतं याचं वाईट वाटतं, पण बैठकीत हाच आकडा ऐकला जातो.

---

नवी_पालवी

सर्वांचे मनापासून आभार. समईची_वात यांचा क्रम छापून भिंतीवर लावला आहे. दोन पॅकेजेस सोडून बाकी स्क्रिप्ट बंद केल्या, बिल्ड मोडलं नाही. दुसऱ्याचा आयडी टाकून बघायचं काम चालू आहे, काय निघालं ते इथे लिहीत नाही, पण बसलोय दुरुस्तीला.

एक शंका. क्लाउडची चावी फार पूर्वी कोडमध्ये लिहिलेली होती, नंतर काढून वेगळ्या फाईलीत ठेवली. रिपॉझिटरी खाजगीच आहे. मग चिंता नाही ना?

---

समईची_वात

आहे. गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल जपणाऱ्या साधनाच्या) इतिहासात ती जशीच्या तशी बसलेली आहे, आणि ज्याने ज्याने क्लोन केलंय (पूर्ण प्रत घेतली आहे) त्याच्या मशीनवरही. खाजगी असण्यावर विसंबू नका. २०१६ मध्ये उबरच्या खाजगी रिपॉझिटरीतच हल्लेखोरांना ॲमेझॉनच्या क्लाउडची चावी मिळाली आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी-चालकांची माहिती गेली. कंपनीने एक लाख डॉलर देऊन हल्लेखोरांना गप्प बसवलं आणि वर्षभर कोणाला सांगितलं नाही.

इतिहास साफ करत बसायच्या आधी चावी बदला. नवी काढा, तिला फक्त लागेल तेवढीच परवानगी द्या, ॲप नव्या चावीवर चालतंय याची खात्री करा, मग जुनी आधी निष्क्रिय करा. एक-दोन दिवस लॉग बघा, ती कुठल्या विसरलेल्या क्रॉन जॉबमध्ये (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) वापरात असेल तर तिथे एरर दिसेल. काही नसेल तर कायमची काढून टाका. आणि जुनी चावी गेल्या काही महिन्यांत कोणत्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) वापरली गेली तेही त्याच लॉगमध्ये तपासा.

---

नवी_पालवी

आज रात्रीच करतो. क्रॉन जॉब आहे एक, रोज पहाटे बाजारभाव आणतो, तो त्याच चावीवर असणार.